तम्माच्या वह्या

माझ्या धाकट्या भावाचं अक्षर माझ्याइतकं चांगलं कुणालाच काढता यायचं नाही, खुद्द त्यालासुद्धा नाही. डावीकडं कललेलं, रेघ सोडून वर चढणारं, मात्रा विसरलेलं. दर चार ओळींमागे एक चूक मी आठवणीनं घालायची, म्हणजे सरांना संशय नको. सतरा वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजायची. आज ती पोरगी समोर आली तर दोन्ही वेण्या धरून तिला कोपऱ्यात उभी करीन.

आम्ही मूळचे कर्नाटकाच्या सीमेलगतच्या मैंदर्गीचे. अप्पांनी सोलापुरात किराणा दुकान टाकलं म्हणून आम्ही भावंडं मराठी शाळेत गेलो. घरात मात्र कानडीच. मला मराठी पटकन आली, कारण मला भांडायला आवडायचं आणि गल्लीतलं भांडण मराठीत चालायचं. भावाला, म्हणजे आमच्या तम्माला, भांडायची गरजच पडली नाही. तेराव्या वर्षी त्याला अप्पांच्या डोक्यावरून पलीकडचं दिसायचं. शाळेतल्या खेळाच्या सरांनी त्याला एकदा बघितलं आणि थेट मुरुमाच्या मैदानावर नेऊन बास्केटबॉल हातात दिला. त्याच्या मापाचे कॅनव्हासचे बूट बाजारात मिळेनात, तेव्हा मिळाले ते टाचेकडून कापून घातले. पण बोर्डाखाली उडी मारली की खाली यायची त्याला घाई नसायची. मी कठड्यावर बसून शेंगा खायची आणि मैत्रिणींना सांगायची, "माझा भाऊ हाय त्यो." जणू त्याला मीच ओढून लांब केला होता.

अप्पांची अट एकच होती. वह्या पुऱ्या, तरच मैदान. दिवेलागणीला दुकानातून आले की विचारायचे, "मुगीत?" म्हणजे झालं का सगळं. त्यांना वाचता यायचं ते कानडी. मराठी वहीत ते दोनच गोष्टी बघायचे, पानं भरलीत का आणि सरांची लाल शाई उमटलीय का. तम्मा खेळून यायचा आणि वहीवरच डोकं टेकवून झोपायचा. एकदा कीव येऊन मी त्याचा निबंध लिहून दिला. बदल्यात त्यानं माझ्या वाटच्या घागरी नळावरून आणल्या. दुष्काळाचं वर्ष, नळाला गल्लीच्या तोंडापर्यंत रांग. मला तो सौदा लई आवडला. मग निबंध झाले, इतिहास झाला, भूगोल झाला. माझं मॅट्रिक उरकलं तरी त्याच्या वह्या माझ्याकडंच. 'माझी आवडती व्यक्ती' या निबंधात तर मी त्याच्या अक्षरात थोरल्या बहिणीवर दीड पान लिहिलं. ती कशी मायाळू, कशी बुद्धिमान. सरांनी खाली शेरा मारला, "भावना चांगल्या, शुद्धलेखन सुधारा." आठवडाभर मी हसत होते.

एकदा खेळाचे सर घरी आले. अप्पांना म्हणाले, "पोरगं मोठ्या संघात जाईल, शंका नाही. पण खेळ तिशीपर्यंत हो. पुढं लिहिणं-वाचणंच पोसतं माणसाला. अभ्यास करतोय न्हवं?"

अप्पांनी अभिमानानं वह्यांचा ढीग पुढं ठेवला. सरांनी चार पानं उलटली. मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं. मी बोटांवरची शाई पदरात लपवली. त्यांनी वही मिटली, चहा संपवला आणि म्हणाले, "बरं चाललंय." पुढच्या आठवड्यात जिल्ह्याचे सामने होते. त्यांना तम्मा मैदानावर हवा होता, आणि मला नळावर.

शाळेनं त्याला करंडकांच्या जोरावर वर ढकललं. मॅट्रिकच्या पेपरला मात्र अक्काला शेजारी बसवत नाहीत. तम्मा नापास झाला, दोनदा.

"वह्या तर सगळ्या लाल हायत की! मग पेपरात काय झालं?" अप्पांनी जन्मात पहिल्यांदा हात उगारला. तम्मा गुडघ्यात वाकला, नाहीतर अप्पांचा हात त्याच्या गालापर्यंत पोचलाच नसता. त्यानं माझं नाव सांगितलं नाही. मी भाकरी थापत होते. थापतच राहिले.

तरी त्याचं नशीब उघडलं असंच आम्हाला वाटलं. पुण्याच्या एका सरकारी खात्यानं त्याला आपल्या संघात घेतलं. कागदावर शिपाई, काम खेळायचं. खात्याची लेखी परीक्षा दिली की कारकून, अशी सोय होती. संघातली पोरं एकेक करून पास झाली, टेबल-खुर्ची मिळवून बसली. तम्मा म्हणायचा, "पुढच्या वर्षी बसतो की." पेपरात त्याचा फोटो आला तेव्हा अप्पांनी तो दुकानात काट्याच्या वर चिकटवला.

माझं लग्न होऊन मी बार्शीला गेले होते. चार वर्षांत त्याचं एक पत्र नाही. मी मात्र लिहायची, आणि काय लिहायची! "साहेबांना आता बहीण कशाला आठवेल?" "पंचमीला यायला जमलं नाही, दोन ओळी खरडायला पण जमत नाही होय?" टोमणा चांगला साधला की पाकीट बंद करताना मलाच मजा वाटायची.

मग त्याचा गुडघा गेला. उडी मारून खाली आला तो वाकडा. रजा घेऊन सोलापूरला आला, मीही माहेरी गेले. पाय उशीवर ठेवून बसला होता. खिशातून एक फॉर्म काढला.

"खेळ संपला म्हणत्यात, अक्का. परीक्षा दिली तर कारकून, न्हाय तर जन्मभर शिपाई. एवढा भरून दे."

मी लगेच पेन काढलं. जुनी सवय. भरता भरता तोंडानं चालूच होतं, "माझ्या पत्राला उत्तर द्यायला काय झालं होतं रे तुला?"

"कुणाकडनं लिहून घेऊ?" तो म्हणाला. "संघातल्या पोरांना सांगू व्हय, माझ्या बहिणीला पत्र लिहा म्हणून? वाचायचो की. एकेक पत्र तीन-तीनदा वाचायचो."

पेन थांबलं ते तिथं.

महिनाभर मी माहेरी राहिले. दुकानाच्या फळीवर, पुड्या बांधायच्या कागदावर त्याला लिहायला बसवलं. एका हाताच्या पंजात चेंडू उचलणारा तो माणूस, पेन त्याच्या मुठीत दिसायचंसुद्धा नाही. तेव्हा मला त्याचं खरं अक्षर पहिल्यांदा दिसलं. कललेलं नव्हतंच, ते वळण माझंच होतं. सरळ, गोल, मोठालं, एकमेकांना चिकटून उभं राहिलेलं. तीन ओळींचा अर्ज लिहायला त्याला तासभर लागला, कपाळ घामानं निथळलं. "चुकलं का?" प्रत्येक शब्दानंतर विचारायचा. मी लग्नाआधी केलेलं एका महिन्यात उसवायला निघाले होते. परीक्षेत तो नापास झाला. पुढच्या वर्षी पुन्हा.

त्यानंतर मी एका लग्नाला पुण्यात गेले, तेव्हा त्याच्या कचेरीत डोकावले. फायलींचा गठ्ठा घेऊन लंगडत येत होता. मला बघून त्याचा चेहरा एवढा फुलला की मला पळून जावंसं वाटलं. हाताला धरून तो मला टेबलांपाशी घेऊन गेला. तिथले तिघं त्याच्याच संघात खेळलेले.

"ही माझी अक्का. लई हुशार. शाळेतल्या माझ्या सगळ्या वह्या हिनं लिहिल्यात. सगळ्या! एकदा पण रागावली न्हाय."

"नशीब काढलंस लेका," एकजण म्हणाला. "आमच्या बहिणी नुसत्या चुगल्या करायच्या."

सगळे हसले. तम्मा सगळ्यात मोठ्यानं. त्याच्या आवाजात कुठं काटा असेल म्हणून मी कान देऊन ऐकलं. नव्हता. मग त्यानं टेबलावरचा कोरा कागद ओढून माझ्यापुढं ठेवला.

"आलीच हायेस तर माझा रजेचा अर्ज तेवढा लिहून दे की."

मी लिहून दिला. खाली त्यानं सही केली आणि तो कागद हातात धरून टेबलाटेबलाशी गेला. "बघा," प्रत्येकाला म्हणत होता, "दोन मिनिटांत!"