मोसमाचा रकाना

नकाशावर जे नाही, ते अस्तित्वात नाही.

हे वाक्य आमच्या साहेबांनी स्वतः रचलं होतं, जाड अक्षरांत रंगवून घेतलं होतं आणि कचेरीतल्या एकुलत्या एक एसीच्या वर टांगलं होतं. एसीचं पाणी भिंतीत झिरपायचं, त्यामुळे पावसाळ्यात त्या महावाक्याला बुरशी यायची. शिपाई ती फडक्याने पुसून काढायचा आणि ते पुन्हा सत्य व्हायचं.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. आम्ही दादरची खोली विकून मीरा रोडला आलो होतो. पंधरा वर्षं हाताने नकाशे काढून माझी मान वाकडी झाली होती, आणि घरापासून चालत दहा मिनिटांवर नकाशांचीच नोकरी आहे म्हटल्यावर मी फार चौकशी केली नाही. कचेरी नया नगरच्या कडेला, दुसऱ्या मजल्यावर. इमारत इतकी नवी की जिन्याला कठडा यायचा होता.

एका सरकारी खात्याला मीरा-भाईंदरचा सगळा नकाशा संगणकावर हवा होता. रस्ते, नाले, प्लॉट, पाण्याच्या वाहिन्या, मिठागरं, किनारा, सगळं. आमच्याकडे टेबलाएवढा एक फळा होता. त्यावर कागदी नकाशा चिकटवायचा आणि भिंग लावलेलं एक यंत्र हातात धरून रेषेच्या प्रत्येक वळणावर बटण दाबायचं. दाबलं की ते वळण संगणकात. प्रत्येक जागेला एक प्रकार द्यायचा: घर, दुकान, शेत, मिठागर, मोकळी जागा. इमारत मात्र पूर्णत्वाचा दाखला असेल तरच दाखवायची. नसेल तर त्या जागी जुन्या दप्तरात जे असेल तेच ठेवायचं. हा नियम मला तेव्हा फार शिस्तीचा वाटला.

पहिले सहा महिने मजेत गेले. मग नकाशा मोठा झाला. सगळा प्रदेश एकाच फायलीत होता, आणि ती उघडायला सांगितली की आम्ही खाली जाऊन चहा पिऊन यायचो. पुढे पुढे चहाबरोबर वडापावही होऊ लागला. काशीमिऱ्याची एक गल्ली बघायची असली तरी संगणक आधी उत्तनच्या खडकांपासून प्रत्येक रेषा तपासत यायचा. एक रेषा बदलली तर सगळी फाईल नव्याने बांधावी लागे. त्याला तीन दिवस लागत, आणि मध्येच यंत्र बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. साहेब म्हणायचे, मोठ्या कामाला वेळ लागतोच. ते सहसा हे वाक्य वेळ लागून गेल्यावर म्हणायचे.

उत्तर मला आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली सापडलं. तिथे पत्रपेट्यांची फळी होती. पोस्टमन यायचा, माझ्या पेटीत पत्र टाकायचा आणि जायचा. मी भाजीची पिशवी घेऊन तिथेच थांबले. आमचा संगणक पोस्टमन असता तर माझं एक पत्र द्यायला त्याने भाईंदर खाडीपासून प्रत्येक घराची बेल वाजवली असती.

दुसऱ्या दिवशी मी नकाशाचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनाची वेगळी छोटी फाईल, आणि कुठली रेषा कुठल्या चौकोनात आहे याची एक यादी. रेषा दोन चौकोनांतून जात असेल तर तिची नोंद दोन्हीकडे, पण क्रमांक एकच. नाहीतर एकाच नाल्याचे दोन नाले व्हायचे. मिठागरांचे चौकोन रिकामे राहिले आणि नया नगरचा चौकोन इतका फुगला की तो उघडायला पुन्हा चहाची वेळ यायला लागली. मग त्याचे चार केले. त्यातला एक तरीही फुगलेला, म्हणून त्याचे आणखी चार. जिथे माणसं दाटीने राहतात तिथे चौकोन लहान, जिथे बगळे राहतात तिथे मोठे. तीन आठवडे मी हेच केलं. घरी पोळ्या लाटतानासुद्धा मला त्यांचे चार भाग दिसायचे, आणि नवऱ्याने आठवडाभर त्रिकोणी पोळी निमूटपणे खाल्ली. शेवटी एका सकाळी मी एक गल्ली मागितली आणि ती चार सेकंदांत पडद्यावर आली. चहावाल्याचं आमच्याकडचं गिऱ्हाईक त्या दिवसापासून निम्म्यावर आलं.

त्या भरात मी संगणकाला पहिला मोठा प्रश्न विचारला. खात्याला किनाऱ्याजवळ कोळ्यांसाठी एक शीतगृह बांधायचं होतं आणि जागा हवी होती. मी विचारलं: समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत, रस्त्याला लागून, एकरभर तरी, मोकळी. हाच प्रश्न माणसांना विचारला असता तर उत्तर यायला दोन पावसाळे गेले असते. यंत्राने सव्वीस सेकंदांत यादी दिली. मी टाळी वाजवली. साहेबांनी टाळी वाजवली नाही, पण कोट घातला. यादीतली पहिली जागा उत्तनजवळच्या पालीची होती. खात्याचे मोठे अधिकारी पुढच्या सोमवारी येऊन प्रात्यक्षिक बघणार होते आणि त्याच वेळी जागेवर सही करणार होते.

आपल्या यंत्राने शोधलेली जागा डोळ्यांनी बघावी, एवढ्याच हौसेने मी भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली. दिवाळी नुकतीच झाली होती. पालीला उतरून, गल्लीतल्या स्कूटरी चुकवत मी कागद हातात धरून त्या जागेवर पोचले. या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूच्या वलांड्या उभ्या होत्या आणि त्यांच्यावर बोंबील एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून सुकत होते. खाली एक साठीची बाई पडलेले बोंबील टोपलीत गोळा करत होती. गळ्यात क्रूस, डोक्याला फडकं.

"मावशी, ही जागा मोकळी आहे ना?" मी विचारलं. समोर दिसत होतं, तरी विचारलं. कागदावर तसं लिहिलं होतं.

"बाय, वाकून ये," ती म्हणाली. "नायतर मोकल्या जाग्यात केस अडकतील."

मी वाकून गेले. ती हळूहळू सगळं सांगत गेली, जसं मंद मुलाला सांगतात. पावसाळ्यात मासेमारी बंद, ऊन नाही, म्हणून वलांड्या काढून, बांबू बांधून ठेवतात. तेव्हा जागा मोकळी. एरवी नाही. अकरा घरांच्या वलांड्या होत्या. कुणाची कुठे, हे सासूकडून सुनेला कळायचं. कागद कुणाकडेच नव्हता, कारण आजवर कुणी मागितला नव्हता.

आता मला आठवलं. किनाऱ्याची पाहणी आमच्या माणसांनी भर पावसाळ्यात केली होती. सगळे शहरातले, नाजूक नाकाचे, त्यातले दोघे कांदाही न खाणारे. त्यांनी मुद्दाम तेच महिने मागून घेतले होते, कारण तेव्हा किनाऱ्याला माशांचा वास येत नाही. वास येत नव्हता, म्हणून त्यांनी लिहिलं: मोकळी जागा.

"कागदावर मोकली लिवलंय, तर काय बांधतात हितं?" तिने विचारलं.

मी शीतगृहाचं सांगितलं. मासे ताजे ठेवायला, कोळ्यांच्या भल्यासाठी.

ती वलांड्यांकडे बघत राहिली. "आनि सुकवायचे कुठं?"

सोमवारला सहा दिवस होते. सही झाली की ती अकरा घरं कुठल्या कागदाच्या आधारावर भांडणार? एकुलता एक कागद माझ्या हातात होता, आणि तो मीच छापला होता.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं की प्रत्येक जागेला आणखी एक रकाना हवा: मोसम. पावसाळ्यात काय आणि एरवी काय. साहेबांनी एसीच्या वर एकदा बघितलं.

"नकाशात ऋतू नसतात, मॅडम."

"बोंबलांत असतात, साहेब."

त्यांची खरी भीती ऋतूंची नव्हती. बदल म्हणजे तीन दिवस फाईल बांधणं, ही जुनी धास्ती त्यांच्या मनातून गेली नव्हती, आणि सोमवारी पाहुण्यांपुढे पडदा काळा राहिला असता. मी म्हटलं, सगळा नकाशा कोण उघडतंय, किनाऱ्याचे चार चौकोन आहेत फक्त. बारा मिनिटं द्या. जास्त लागली तर जुनी यादी दाखवा. साहेबांनी कॅलेंडरवर शनिवारभोवती गोल काढला.

मधले दोन दिवस मी मावशीच्या मागे फिरले. ती पाली ते उत्तन वाळवणाची प्रत्येक जागा दाखवायची आणि मी कागदावर खूण करायचे. अशा सात जागा निघाल्या, सातही आमच्याकडे मोकळ्या. वाटेत भेटेल त्याला ती माझी ओळख करून द्यायची: ही बाय हापिसातून पावसाला बघायला आलीय. शनिवारी मी बदल भरायला बसले. साहेब मागे घड्याळ घेऊन उभे. इतर कुठल्याच चौकोनाला हात लागला नाही. नऊ मिनिटं लागली. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, फक्त आता "बाराही महिने मोकळी" असं म्हटलं. यादी आली आणि तिच्यात पालीची जागा नव्हती. पहिली होती रस्त्यापलीकडची एक जमीन, जिच्यावर बाभळींखेरीज कुणाचा वावर नव्हता. साहेब म्हणाले, घड्याळ मागे पडत असेल. पण म्हणताना हसले.

सोमवारी संगणकाला हार घातला होता. नारळ फोडला, त्याचं पाणी कीबोर्डवर उडू नये म्हणून शिपाई मध्ये आडवा उभा राहिला. मी मावशीला बोलावलं होतं. ती दाराजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं मांडीवर घेऊन बसली होती. मी प्रश्न विचारला, यादी आली. अधिकारी समाधानाने मान हलवत होते, तेवढ्यात त्यांना जुन्या यादीतली पहिली जागा आठवली. ती का गेली? मी मोसमाचा रकाना दाखवला.

"तिथे मासे सुकवतात, याला पुरावा काय?" त्यांनी विचारलं.

मावशी उठली आणि तिने पुडकं त्यांच्यापुढे टेबलावर सोडलं. एसीसाठी खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या. मग अधिकाऱ्यांनी खिडकी उघडायला सांगितली, बाभळींच्या जमिनीपुढे सही केली आणि रुमाल काढला.

मावशीला आता आपली जागा बघायची होती. मी पालीचा चौकोन उघडला. तिथे लिहिलं होतं: मासे सुकवण्याची जागा, पावसाळ्यात मोकळी. तिने मला ते दोनदा वाचायला लावलं आणि पडद्याला बोट लावून बघितलं.

"आनि तुमचं हापिस कुठं हाय यात?"

साहेबांना तो प्रश्न फार आवडला. त्यांनी अधिकाऱ्यांना खुर्ची पुढे ओढायला सांगितली आणि मला म्हणाले, दाखवा. मी नया नगरच्या कडेचा चौकोन मागितला. तो पाच सेकंदांत आला. आमच्या इमारतीला दाखला मिळालेला नव्हता, त्यामुळे तिथे मिठागर होतं.