मिश्री तंबाखूत धरायची का?

गेल्या महिन्यात वहिनीला घेऊन जालन्याला दवाखान्यात गेले होते. मंठ्याहून सकाळची एस.टी., मांडीवर रिपोर्टची पिशवी, शेजारी वहिनी...

तिच्या लग्नाला चार वर्षं झालीत, अजून मूल नाही, वय एकोणतीस. दादाची तपासणी मी भांडून आधी करून घेतली, त्याचे रिपोर्ट नॉर्मल आले. वहिनीचं एएमएच मात्र कमी. म्हणजे स्त्रीबीजांचा साठा वयाच्या मानानं कमी उरलाय.

डॉक्टर मॅडमनी शांतपणे समजावलं. साठा जन्मापासूनच ठरलेला असतो, कुठल्याही गोळीनं तो वाढत नाही. पण कमी म्हणजे संपला असं नाही, दिवस राहायला एक चांगलं बीज पुरतं... आहे ते जपायचं आणि उगाच वर्षं घालवायची नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "तंबाखू वगैरे?"

"न्हाई मॅडम! आमच्यात बाया तंबाखू खात न्हाईत." वहिनी जवळजवळ रागावलीच. शेजारी बसून मीसुद्धा मान डोलावली.

मॅडमनी तिच्या दातांकडे पाहिलं. "दात कशानं घासता?"

"मिश्रीनं."

"दिवसातून किती वेळा?"

"सकाळी... जेवल्यावर... अन् डोकं दुखलं की."

मॅडमनी पेन खाली ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, गावातल्या मुलींना हिमोग्लोबिन समजावत फिरते... आणि तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री ही तंबाखूच, हे कधी डोक्यात आलं नाही. आमच्याकडे तंबाखू पुरुष खातात. मिश्री म्हणजे दात घासायची!

तंबाखूनं साठा लवकर झिजतो, बीजही बिघडतं, असं मॅडम म्हणाल्या. गेलेलं परत येणार नाही, पण आजपासून थांबलीस तर उरलेल्याला फायदाच आहे.

परतताना वहिनीचं एकच चाललं होतं. "ताई, आत्याबाईला सांगू नका. दाढ दुखली तव्हा त्यांनीच लावायला दिल्ती... त्यांला वाटंल, मी त्यांच्यावर ढकलून राह्यले."

पण घरात रोज मिश्री भाजली जाणार आणि हिनं एकटीनं गुपचूप सोडायची, हे होणार कसं? मी आईला, म्हणजे तिच्या आत्याबाईला, सांगितलं.

आई भडकली. "तीस वर्षं घासून राह्यले मी. तू अन् तुझा दादा काय आभाळातून पडले?"

"तुझा साठा किती होता ते कुणी मोजलंच नव्हतं, आई. वहिनीचा मोजलाय."

आई उठून गेली. संध्याकाळी भाकरी थापता थापता वहिनीला म्हणाली, "मी समोर घासत बसले तर तुला कशी सुटंल? मंग मी बी सोडते."

पहिले आठ दिवस तर विचारूच नका! दोघींची डोकी ठणकायची आणि दोघी मिळून दादावर खेकसायच्या. वहिनी एकदा चुकली. आई दोनदा... त्यातलं एकदा मी पकडलं, तर म्हणाली, "तू डॉक्टर झाली का ग्रॅज्युएट?"

पण आता तीन आठवडे झाले, दोघींनी बोट लावलेलं नाही. परवा चुलती चिमूटभर मागायला आली, तर आईनं तिला बसवून घेतलं आणि तिच्या सुनेची चौकशी सुरू केली.

मैत्रिणींनो, दवाखान्यात तंबाखूचं विचारलं तर मिश्रीही सांगा. आणि बाळाचा विचार असेल तर तपासणीला आमच्यासारखी चार वर्षं थांबू नका, नवऱ्यालाही सोबत न्या.

वहिनीला दिवस राहतील की नाही, हे आज कुणीच सांगू शकत नाही. पण पुढच्या तपासणीला आई स्वतःहून येते म्हणालीय, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच वहिनी दवाखान्याच्या तारखेची वाट बघतेय.