बंदुकीची खोड

सर्व लहानथोरांनी पागोटी सावरून ऐकावे! संस्थान जव्हार येथे, भर कचेरीत, एका वयस्कर बंदुकीच्या चारित्र्याची जाहीर चौकशी झाली होती. आणि तिचा मालक, म्हणजे मी, तिच्या बाजूने खोटे बोलण्याची पूर्ण तयारी करून गेलो होतो.

कारण सांगतो. नाशकाच्या एका दुकानात मी दुनळी बंदूक पाहून ठेवली होती. तिच्यावर माझा जीव जडला होता. पण दरबारचा परवाना माणशी एकाच बंदुकीचा. घरची जुनी ठासणीची बंदूक दुसऱ्याच्या नावावर चढल्याखेरीज नवी उंबरा ओलांडणार नव्हती. आणि जुनीला एक खोड होती. चाप ओढला की घोडा पडायचा, दारू पेटवणारी टोपी फुटायची आणि मग बाईसाहेब गप्प. माणसाने पान लावावे, बोटाचा चुना पुसावा, तेव्हा कुठे धाडकन बार!

गिऱ्हाईक मिळाले साखरशेतचे: रानडुकरांनी नाचणी उकरून हैराण केलेला एक म्हातारा शेतकरी. बंदुकीचे वर्णन मी चार दिवस घोटून लिहिले होते. विक्रीची नोंद करायला आम्ही दोघे कचेरीत गेलो, तेव्हा ते तिथल्या कारकुनापुढे खड्या आवाजात वाचले. ‘नळी सरळ व निष्कलंक. दस्ता शिसवी, हाताला प्रेमळ. घोडा आज्ञाधारक. स्वभाव शांत.’ शेवटचे तर अगदी खरे होते.

म्हाताऱ्याने नळीत फुंकर मारली, दस्त्यावर थाप दिली, बैलाभोवती फिरावे तशी टेबलाभोवती फेरी मारली. मग म्हणाला, “शेठ, गुण झाले. आता खोड बोल.”

“बंदुकीला कसली खोड, बाबा?”

“बैल इकताना बोलतात ना? बोललास तर माल माझा. नाय बोललास नि मागून कळली, तर आणून तुझ्या दाराला बांधीन.”

आमच्या डोंगरात हा रिवाज दरबारी कायद्याहून पक्का. बैल खरोखर परत येतात, आणि बांधणारा वर चहा पिऊन जातो. माझ्या डोळ्यांपुढून दुनळी भराभर नाशकाकडे चालू लागली.

“जरा... विचार करून उडते,” मी म्हणालो.

कारकुनाने हेच वळणदार अक्षरात दरबारी कागदावर उतरवले. “किती वेळ विचार?” त्याने टाक झटकत विचारले. रकाना रिकामा ठेवता येत नव्हता म्हणे!

“दाखव,” म्हातारा म्हणाला.

आम्ही तिघे कचेरीमागच्या मोकळ्या माळावर गेलो. म्हाताऱ्याने दारू ठासली, वारुळावर नेम धरला, चाप ओढला. टोपी फुटली. पुढे काही नाही.

“गेली वाटतं,” कारकून कुजबुजला. म्हाताऱ्याचा मात्र खांदा हलला नाही की पापणी लवली नाही.

“गप ऱ्हा,” तो म्हणाला. “विचार करते ती.”

आणि बार झाला! वारुळाचा शेंडा उडाला, कारकून मटकन खाली बसला, आणि म्हातारा धुरात दिसेनासा झाला. तो हो म्हणतो की नाही, एवढ्यावर आता माझी दुनळी अडली होती. धूर सरला. कपाळापर्यंत काळा झालेला म्हातारा बंदुकीकडे कौतुकाने बघत ओरडला, “घेतली! माझ्या घरजावयापरीस लवकर उठते!”