तिरकी रेघ

माझ्या खोलीखाली सुनंदाचं टायपिंगचं दुकान आहे. दुपारी घरात बोलायला भिंतीच असतात, म्हणून मी तिथे जाऊन बसते. मी चौथी शिकलेली, पण अक्षरं ओळखते. काल ती कॉम्प्युटरवर एका पुस्तकाची अक्षरं जुळवत होती. एका ओळीत टक्क्याचं चिन्ह होतं. त्याच्या पुढचं काहीच छापून आलं नाही.

"गिळलं मेल्याने," सुनंदा म्हणाली. "आजी, टक्का दिसला की याला वाटतं, पुढचं छापायचंच नाही."

मग तिने टक्क्याच्या आधी एक तिरकी रेघ दिली. ओळ परत आली.

"रेघेने काय केलं गं?"

"त्याला सांगितलं, हा हुकूम नाही. नुसतं चिन्ह आहे, जसं आहे तसं दाखव."

माझा मुलगा परगावी असतो. फोनवर मी "अरे" म्हटलं की तो विचारतो, "काय हवंय?" झालं, पुढची ओळ गेली. माणूस म्हातारं झालं की त्याचं प्रत्येक बोलणं मागणीच वाटतं. मला हवं काहीच नसतं. मागे आला तेव्हा त्याने दुकानामागे शेवगा लावला होता, त्याला शेंगा धरल्या, एवढंच सांगायचं होतं. ते तोंडातच राहिलं आणि शेंगा जून झाल्या.

आज फोन लावून आधीच सांगितलं, "मला काही नकोय. नुसतं ऐक."

तो घाबरून म्हणाला, "आई, बरं नाहीये का तुला? डॉक्टरांना पाठवू?"

यंत्राला एक रेघ पुरली होती.