आधी जेव, मंग बोलू

उपाशी माणसाला रागवायचं नाही, हा वाटूरच्या साहेबांचा नियम. जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीच्या गोदामाचे ते मॅनेजर, मी त्यांच्या हाताखालचा सुपरवायझर. गाव वाटूर म्हणून सगळे तसंच म्हणायचे. चूक सकाळी सापडली तरी बोलणी दुपारच्या डब्यानंतर. "आधी जेव, मंग बोलू," एवढंच म्हणायचे. ते ऐकल्यावर घास घशाखाली उतरत नसे, हा भाग वेगळा.

दुसरी खोड अशी, की कुणी रडायला लागलं की साहेब पाठ फिरवून उभे राहत. बी निवडणाऱ्या शोभाबाईंचा भाऊ गेला आणि त्या कामावर आल्या आल्या रडू लागल्या. साहेब त्यांच्याकडे पाठ करून समोरच्या पोत्यावरचं लेबल वाचत राहिले. मला वाटलं, काय दगड माणूस आहे. शोभाबाई नंतर म्हणाल्या, "साहेब मधी उभे व्हते, म्हनून कुनाला दिसलं न्हाई. पोटभर रडून घेतलं."

मग पुण्याच्या हेडऑफिसने एआय आणलं. ते हजेरी घेई, कामाचा वेग मोजी आणि कुणाच्या घरी मयत झाली की 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत' असा निरोपही मोबाइलवर धाडी. आता माणसांना काम उरलं ते फक्त भावनांचं, असं ऑफिसने कळवलं आणि आम्हा वरच्या लोकांची भावनिक बुद्धिमत्ता तपासायला परीक्षा लावली. तीही एआयच घेणार होतं.

साहेब तेव्हा निवृत्तीनंतरच्या मुदतवाढीवर होते. पुढची वाढ या परीक्षेवर होती आणि ती त्यांना हवी होती. त्यांची बायको, आमच्या काकू, वारल्यापासून घर रिकामं. "घरी जेवायला बसलो तर समोर कुनी न्हाई रे," असं एकदा मला म्हणाले होते.

परीक्षेत प्रश्न आला: कर्मचारी तुमच्यासमोर रडू लागल्यास काय कराल? साहेबांनी एका बोटाने, मोठ्या विश्वासाने टाइप केलं, 'पाठ फिरवून उभा राहीन.' निकाल लगेच लागला: सहानुभूतीचा अभाव. मी 'तुमच्या भावना मला समजतात' असं लिहिलं आणि वरच्या श्रेणीत पास झालो.

साहेबांना मुदतवाढ मिळणार नाही, हे सांगायचं काम त्यामुळे माझ्याकडेच आलं. मेल सकाळीच आली होती, सोबत बोलायची वाक्यंही एआयने लिहून पाठवली होती. मी दुपारपर्यंत थांबलो. साहेबांनी रोजच्यासारखी अर्धी भाकरी माझ्या डब्यात टाकली, सावकाश जेवले, हात धुतले.

"सकाळपासून माझ्याभोवती घुटमळून राह्यला तू," ते म्हणाले. "बोल आता. माझं जेवन झालंय."

मी मोबाइल काढून वाचायला लागलो. 'आपल्या भावना आम्ही...' इथपर्यंतच वाचलं. या माणसावर आपला किती जीव आहे, ते मला तेव्हा कळलं. डोळे भरून आले आणि नेमक्या त्याच वेळी बी निवडणाऱ्या बायका जेवण उरकून आत येऊ लागल्या.

साहेब उठले. दार आणि मी यांच्या मधोमध, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि पोत्यावरचं लेबल वाचू लागले.