निलम्मा आत्तीची ओळ

जगातल्या मोठ्या संगीत महोत्सवांत ज्याचं नाव घेतात, त्या एका महोत्सवात माझ्या आत्तीचा आवाज घुमला. ती स्वतः मात्र त्या वेळी मंठाळ गावातल्या आमच्या घरी, पडवीत, हरभरा पाखडायचं सूप मांडीवर घेऊन बसली होती. हे कसं झालं ते मला सांगितलंच पाहिजे, कारण त्यात माझाही हात आहे.

तिचं नाव निलम्मा. आजी कन्नड बोलणाऱ्या गावातली, म्हणून मुलीला तसं नाव. अठराव्या वर्षी आळंद तालुक्यात दिली. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली, आणि बाविसाव्या वर्षी आत्ती पत्र्याची पेटी घेऊन भावाच्या दारात उभी राहिली. भाऊ म्हणजे माझे वडील, गुंडेराव अप्पा. माझ्या आईचं, सरुबाईचं, लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. शेजारपाजारच्या बायांना वाटलं, आता या दोघींची रोज भांडणं. आईनं पेटी उचलून आत नेली आणि दुसऱ्या दिवशी खुरपणीला जाताना नणंदेला शेजारची पात, म्हणजे खुरपायचा पट्टा, धरायला लावली.

गाणं तिथंच जुळलं. आई पहिली पात धरून पहिली ओळ म्हणायची, आत्ती शेजारच्या पातीतून दुसरी.

खुरपिता खुरपिता, पात लागली बांधाला
भावजय माझी बाई, तिची साद येती कोसाला

आईचा आवाज भरीव, जमिनीलगत चालणारा. आत्तीचा बारीक, तो वर जायचा आणि तिथंच थोडा थरथरायचा. चाळीस वर्षं दोघी अशाच गायल्या. तुरीच्या रानात गायल्या, चौदा एप्रिलला विहारापुढच्या ओट्यावर गायल्या, माझ्या हळदीत गायल्या. एकटीनं गायलेलं मी दोघींपैकी कुणाचंच ऐकलेलं नव्हतं.

चार-पाच वर्षांमागं कलबुर्गीहून विजयश्री नावाची बाई आली. रानात गाणाऱ्या बायांची गाणी ती जमवत होती. आवाज स्वच्छ यावा म्हणून तिनं दोघींना मधल्या खोलीत वेगवेगळं बसवलं. एकीचं गाणं टिपताना दुसरीला बाहेर थांबवलं. आत्तीला ते काही केल्या जमेना. "वैनीचं तोंड दिसल्याबिगर मला ओळ सुचंना," म्हणाली. शेवटी कानाला यंत्र लावून आईचा आवाज ऐकवला, तेव्हा कुठं गायली.

दोन वर्षांनी विजयश्रीचा फोन आला. युरोपातल्या एका महोत्सवानं दोघींना बोलावलं होतं. पाच दिवस चालणारा, तीन लाख माणसं जमणारा. त्याचं नाव आत्तीला कधीच नीट घेता आलं नाही. ती त्याला 'थोरली जत्रा' म्हणायची. "संध्या, थोरल्या जत्रंत थंडी असती का गं?" असं मला रोज विचारायची.

मी बसवकल्याणला शाळेत शिकवते, म्हणून अर्ज भरायचं काम माझ्याकडं आलं. पासपोर्ट निघाले. व्हिसाच्या अर्जात विचारलं होतं: पती? नोकरी? अपत्यं? स्वतःच्या नावावर घर, जमीन? आईच्या अर्जात मी भराभर लिहीत गेले. आत्तीच्या अर्जात प्रत्येक रकान्यात 'नाही' लिहिलं. खरं तेच लिहिलं. ते सगळे 'नाही' एकाखाली एक वाचताना कुणाला काय वाटेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आईला व्हिसा मिळाला. आत्तीच्या पासपोर्टबरोबर इंग्रजीत एक पत्र आलं. पडवीत सगळे बसलेले असताना मला ते वाचून सांगावं लागलं.

"काय म्हणतेत?" आत्तीनं विचारलं.

"मुदत संपल्यावर तू माघारी येशील, याचा भरवसा वाटत नाही म्हणतात."

"म्हंजी मी तिथंच ऱ्हाईन?"

"व्हय."

ती हसायला लागली. "आगं, बसवकल्याणला गेलं तर शेवटच्या गाडीनं माघारी येती मी. चाळीस वर्षांत एक रात बाहेर काढली न्हाई. मी कुटं जायलाय?" हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला आणि मग बराच वेळ तो काढला नाही.

आई म्हणाली, "मीबी जात न्हाई." तिला तयार केलं ते आत्तीनंच. पिशवी भरून दिली, पांढरं लुगडं घडी करून वर ठेवलं. "दोघींचं गाणं हाय. एक तरी जाऊ दे," म्हणाली.

आई विजयश्रीबरोबर गेली. कार्यक्रम तिकडं दुपारी होता, आपल्याकडं संध्याकाळी साडेसहाला. माझ्या भावानं, बुद्धरत्ननं, पडवीच्या खांबाला फोन बांधला. वीस-पंचवीस माणसं जमली. पडद्यावर भलंमोठं व्यासपीठ, पुढं नजर पोचेल तिथवर डोकीच डोकी, आणि मध्ये पांढऱ्या लुगड्यात माझी आई, करंगळीएवढी. तिनं पहिली ओळ घेतली.

आत्तीनं सूप बाजूला ठेवलं. तिचे ओठ उघडले. पण ती गायच्या आधी फोनमधनंच तिचा आवाज आला. मधल्या खोलीत टिपून घेतलेला. वर गेला, थरथरला, सगळं बरोबर. पडद्यावर आई दचकून मागं वळली. समोरची हजारो माणसं हसली आणि टाळ्या वाजवू लागली.

पडवीतही टाळ्या वाजल्या. सगळे आत्तीकडं बघत होते. तिनं तोंड मिटून घेतलं होतं.

"चांगलं झालं," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

आई परत आली तेव्हा रानात खुरपणी चालू होती. पहिल्याच दिवशी तिनं ओळ घेतली आणि थांबली. शेजारच्या पातीतून काहीच आलं नाही. तिनं पुन्हा म्हटली.

"निलाक्का, कामून गाईनास?"

"गळा धरलाय."

असे पंधरा दिवस गेले. शेवटी बांधावर भाकरी खाताना आत्ती बोलली. "तुझ्याजवळ हाय की वैनी माझी ओळ. ती दमत न्हाई, आजारी पडत न्हाई. मला आता कशाला गायला लावायलीस?"

आईनं भाकरी खाली ठेवली. "मी मागं वळून बघितलं गं. मला वाटलं, कशीतरी करून आलीस तू." दोघी रडल्या. पण आत्ती त्या साली गायली नाही.

पुढच्या उन्हाळ्यासाठी दुसऱ्या देशातून तसंच बोलावणं आलं. आई म्हणाली, दोघी न्हाई तर कुणीच न्हाई. तेव्हा अप्पांनी एक गोष्ट केली. कुणाला न विचारता तहसिलीतनं कागद आणले आणि विहिरीकडचा एक एकर बहिणीच्या नावावर केला, म्हणजे अर्जात लिहायला काहीतरी होईल. सही करून आल्यावर आत्ती म्हणाली, "अण्णा, बाच्या रानातला वाटा तू मला परदेशासाठी दिलास. इथं ऱ्हायासाठी कधी सुचलं न्हाई व्हय रे?"  अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

या खेपेला व्हिसा आला. आत्ती बाजारातनं लाल स्वेटर घेऊन आली आणि भर एप्रिलमध्ये घालून दाखवला. जयंतीला ओट्यावर दोघी पुन्हा गायल्या. तिचा आवाज पहिल्यासारखा वर जात नव्हता, पण गायली.

निघायला एकोणीस दिवस असताना चुलीपुढं बसल्या जागी ती कलंडली. बीदरला नेलं. जीव वाचला, उजवं अंग आणि वाचा गेली.

विजयश्री भेटायला आली. जाता जाता, बिचारी भीत भीतच, आईला म्हणाली, "सरुअक्का, निलाक्कांचा आवाज आहे आपल्याकडं. गेल्या वर्षीसारखं करता येईल. त्यांचंच नाव होईल."

आई एरवी कुणाला दुखवत नाही. तेव्हा म्हणाली, "ती आत पडलीय, जित्ती हाय. तिच्या तोंडापुढनं तिचा आवाज मी एकदा नेला. आता न्हाई."

आत्ती आठ महिने होती. आई तिला न्हाऊ-खाऊ घालायची, केस विंचरायची, पण गाणं म्हणायची नाही. एकदा मीच म्हटलं, "आई, एक ओळ म्हण की, तिला बरं वाटंल." आत्तीनं ते ऐकलं आणि डाव्या हातानं आईचं मनगट घट्ट धरलं. म्हण म्हणत होती की नको म्हणत होती, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आईनं नको असंच धरलं.

डिसेंबरात ती गेली.

अजूनही कुठल्या कुठल्या महोत्सवांची पत्रं येतात. सरुबाई आता गात नाहीत, एवढंच मी उत्तर लिहिते. परवा आईनं विचारलं, "थोरली जत्रा औंदाबी भरली का गं?"

"भरली. तीन लाख माणसं होती म्हणे."

"असू दे," ती म्हणाली आणि रानाकडं निघाली. बाकीच्या बाया पुढं गेल्या होत्या. तिला पहिली पात मिळाली नाही. कडेची धरून ती एकटीच खुरपत राहिली.