शुभदाचं गणित

चष्म्याच्या दुकानदाराने दोन गडद काचा एकमेकींवर धरल्या आणि एक हळूच फिरवली. पलीकडचा रस्ता काळा झाला; अशा काचेतून एकाच दिशेने कंपणारा प्रकाश जातो. "बघा साहेब, अस्सल माल," तो म्हणाला. मला शुभदा आठवली.

चुंबकीय क्षेत्रात कोंडलेल्या तप्त प्लाझ्मातून, म्हणजे विद्युतभारित वायूतून, प्रकाशाची लहर गेली, की तिच्या कंपनाची दिशा फिरते आणि सरळ कंपन लंबगोलही होतं. त्यावरून आत काय चाललंय ते कळतं. आमच्या संशोधन गटात हे गणित शुभदा मांडायची. "सर, हे दोन्ही बदल एकमेकांत मिसळतात. वेगवेगळे काढून बेरीज केली तर चुकेल," ती म्हणाली होती. मला अहवालाची घाई होती. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "मॅडम, सोपं ठेवा. पांडित्य नको." वर्षभरात ती नोकरी सोडून कॉलेजात शिकवायला गेली.

पुढे चुंबकीय क्षेत्र वाढवलं, तेव्हा माझे आकडे मोजमापाशी जुळेनात. तिच्या जुन्या वहीतल्या पद्धतीने ते जुळले. मी फोन केला. "शुभदा, तुमचं बरोबर होतं."

"मला ते तेव्हाही माहीत होतं, सर," ती शांतपणे म्हणाली. "ठेवते, तास आहे."

अपमान मी सगळ्यांसमोर केला होता, कबुली मात्र दार लावून दिली. नव्या अहवालात मी 'सुधारित पद्धत' एवढंच लिहिलं.